राजाबाईचा चाळिसावा कट्टा

राजाबाईच्या हजार विड्या एका फटक्यात बाद झाल्या, त्याचं पूर्ण श्रेय प्रस्तुत लेखकाला, म्हणजे तिच्या शेजारच्या भावकूला. निपाणीसारख्या तंबाखूच्या गावात मॅट्रिक होऊनही त्याने वळलेल्या कोरड्या विड्या ओल्या फडक्यात बांधून कारखान्यात नेल्या. ते फडकं न वळलेली पानं मऊ राहावीत म्हणून असतं. चेकरने एक विडी उचलली, तर ती उलगडून त्याच्या बोटावर लोळली.

"आंघूळ घालून आणलीस व्हय रं?" म्हणत त्याने सगळा ढीग परत केला.

साल एक्याऐंशी. राजाबाईचा नवरा वारलेला. आठ वर्षांच्या यल्लूच्या काळजाची झडप बिघडलेली, दर एकवीस दिवसांनी बेळगावला इंजेक्शन. तिच्या दुखण्यापायी त्या महिन्यात दोन खाडे झाले होते. तिसऱ्याला कारखान्यातून नाव कटणार, आणि नाव कटलं की इंजेक्शन कशाच्या जोरावर? म्हणून तर बेळगावला जाताना तिने माल भावकूच्या हाती दिला होता.

चारला मायलेकी बसमधून उतरल्या. राजाबाईने फडकं सोडून बघितलं, कपाळाला हात लावला आणि हसायलाच लागली.

"मास्तर हुनार म्हनं ह्यो! आक्कल बी वल्ल्या फडक्यात बांधून ठेवलीया जनू."

पदर खोचून ती गल्लीत निघाली, मागोमाग भावकू. पंचवीस विड्यांचा एक कट्टा; असे चाळीस हवे होते, पाचला कारखान्याचं फाटक बंद व्हायच्या आत. बायकांनी उद्याचा माल वळून ठेवला होता, त्यातून कुणी तीन दिले, कुणी पाच.

"तुझ्यासाठी न्हाय गं," लक्ष्मीबाई म्हणाली, "ह्या शान्याचं त्वांड बघवंना, म्हनून देते."

उंबऱ्यावर बसून यल्लूने मोजले. "आये, येकुनचाळीस!"

राजाबाई पानं-तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन भावकूच्या सायकलच्या कॅरिअरवर बसली आणि चालत्या सायकलवर विड्या वळू लागली. "खड्डा चुकव रं, मुडद्या!" पंचविसाव्या विडीला दोरा गुंडाळला तो कारखान्याच्या फाटकात. चेकरने नाक मुरडलं, पण माल घेतला. नाव राहिलं.

एकोणचाळीस कट्टे राजाबाईने रोजचे हजार सांभाळून पंधरा दिवसांत फेडले. यल्लू आता दहावीला आहे. इंजेक्शन चालूच, आणि जीभ आईपेक्षा तिखट.

"चाळिसावा तुझ्याकडं हाय," राजाबाईने भावकूला तेव्हाच बजावलं होतं. "सवताच्या हातानं वळून दे."

सात वर्षं प्रयत्न चालू आहेत. परवा भावकू पंचवीस विड्या घेऊन गेला. यल्लूने एकेक उजेडात धरली आणि एकवीस बाद केल्या.