फ्लॉपीला लावलेलं कुंकू

पंचवीस वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या सकाळी माझ्या थोरल्या भावाचं, विजयचं संगीत नष्ट झालं. आज लॅपटॉपची पूजा करताना ओल्या कुंकवाचा वास आला आणि ती सकाळ आठवली.

एका अ‍ॅडव्हेंचर गेमसाठी त्यानं वर्षभर रचलेल्या नऊ सुरावटी एकाच फ्लॉपीत होत्या; दुसरी प्रत कुठंच नव्हती. दुपारी ती पुण्याच्या कंपनीला पाठवायची होती. आईनं फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून आतल्या काळ्या चकतीला ओल्या बोटानं कुंकू लावलं.

“वरच्या प्लास्टिकला लावून काय उपेग? गाणी आत हायत न्हवं?”

“व्हय की, आई,” विजय म्हणाला. “आता हात धू.”

मी हसलो होतो. त्यानं चकती पुसून फ्लॉपी कॉम्प्युटरमध्ये तीनदा घातली. एकही फाइल उघडली नाही.

विजय आता गडहिंग्लजला मोबाइल दुरुस्त करतो. त्यानंतर त्यानं एकही सुरावट रचलेली नाही.