बीजघराचं चौथं दार

पहिल्या दिवशी व्यंकटरावांनी धम्मशीला खिल्लारेला कामाचं काही विचारलंच नाही. याआधी कुणाकुणाकडे वायरिंग केलं, त्यातलं कुणी बियाण्याच्या धंद्यात आहे का, नवरा काय करतो, त्याचं उठणं-बसणं कुणात, हेच ते विचारत राहिले. तिनं सरळ उत्तरं दिली. माहेर चुडावा, राहायला परभणीत, नवरा सिद्धोधन शाळेवर शिक्षक. तिनं स्वतः आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला, सहा-सात वर्षं कॅमेरे बसवले आणि आता तीन वर्षांपासून ती कार्डावर उघडणारी दारं बसवत होती. बाईमाणूस शिडीवर चढून भिंतीला ड्रिल मारतं म्हटल्यावर लोक आधी जरा संशयानंच बघत. त्याची तिला सवय होती. पण व्यंकटराव सगळ्यांकडेच तसे बघत.

त्यांचा बियाण्याचा कारखाना बोरीच्या अलीकडे, जिंतूर रस्त्याला लागून होता. तुरीचं एक वाण त्यांनी अकरा वर्षं खपून तयार केलं होतं. त्याचं मूळ बियाणं एका थंड खोलीत ठेवलेलं असे. तिला सगळे बीजघर म्हणत. मागच्या हंगामात जिंतूरच्या एका दुकानात त्यांना एक पाकीट दिसलं. कंपनीचं नाव भलतंच, पण दाणा हुबेहूब आपला, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्या दिवसापासून त्यांना आपल्या माणसांची तोंडं वेगळी दिसायला लागली. कार्डाची दारं बसवायचं ठरलं ते त्यातूनच.

दारं चार होती. फाटकाजवळचं, ऑफिसचं, गोदामाचं आणि बीजघराचं. प्रत्येक दाराला वर चुंबकी कुलूप, बाहेर कार्ड दाखवायची डबी, आत बाहेर पडायचं बटण आणि जवळच भिंतीवर कंट्रोलरची पेटी. कुणाचं कार्ड चालवायचं ते ही पेटी ठरवते, आणि कोण कधी आत गेलं तेही लिहून ठेवते. चारही पेट्यांची केबल ऑफिसातल्या कॉम्प्युटरला जायची होती. धम्मशीलानं तीन दारं पाच दिवसांत उरकली. विजेची वायर आणि नेटवर्कची केबल वेगवेगळ्या पट्टीतून नेली, प्रत्येक टोकाला नंबर लावले, लाइट गेली तरी कुलूप धरून राहावं म्हणून बॅटऱ्या जोडल्या, प्रत्येक पेटीत तारीख-वेळ घातली आणि प्रत्येक दार वीस-वीस वेळा उघडून पाहिलं.

हे सगळं होताना व्यंकटराव खुर्ची टाकून समोर बसलेले असत. ती जेवायला डबा उघडायची तेव्हा ते पेटीत डोकावून यायचे. कॉम्प्युटरचा पासवर्ड त्यांनी तिला दिला नाही. तिला काही भरायचं असलं की तिनं दाराबाहेर उभं राहायचं, ते पासवर्ड टाकणार, मग तिनं आत यायचं.

चौथ्या दाराला उशीर झाला. पेटी बाहेरच्या भिंतीवर बसवून झाल्यावर ती कुणाच्याही नजरेला पडायला नको, असं त्यांचं म्हणणं पडलं. केबल पुन्हा ओढावी लागली. बीजघर ऑफिसपासून लांब, एका ओढीत केबल पुरेना, म्हणून गोदामात मध्ये केबल जोडून पुढं नेणारा एक नेटवर्क स्विच बसवावा लागला. आठ दिवसांनी ते दार चालू झालं. त्याची तीनच कार्डं होती. एक व्यंकटरावांचं, एक भांडारपाल माणिकरावांचं आणि एक चांगुणाबाईचं. चांगुणाबाई बोरीची, साठीच्या घरातली. बीजघराची फरशी रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी पुसायचं काम तिचं. धम्मशीलानं तिघांची नावं भरली, कार्डं चालवून दाखवली आणि बाकीचं एकदा तपासून घेते म्हणाली. तेवढ्यात व्यंकटरावांना फोन आला. फोनवरचं बोलणं तिच्या कानावर पडू नये म्हणून त्यांनी तिला हातानंच बाहेर जायची खूण केली आणि कॉम्प्युटर बंद केला. ती थोडा वेळ थांबली. शेवटी परभणीची गाडी आली तशी निघाली.

दोन महिने काही कळलं नाही. जानेवारीत एका दुपारी व्यंकटरावांचा फोन आला. आवाज दबका होता.

"खिल्लारे बाई, एकच विचारतो. तुमचं मशीन खोटं बोलतं का?"

"नाही साहेब," ती म्हणाली. "कार्ड लागल्याशिवाय नोंद पडत नाही. माणूस खोटं बोलेल, मशीन बोलायचं नाही."

हे बोलताना तिला जरा बरंच वाटलं होतं. आपल्या कामावर कुणी बोट ठेवलं तर ते परतवून लावायची तिची सवय जुनी होती. का विचारता, असंही तिनं विचारलं नाही.

चार दिवसांनी पुन्हा फोन आला. एक कार्ड कायमचं बंद करायचंय, मला जमंना, येऊन जा. ती गेली. फाटकावर तिची पिशवी तपासली गेली, ही तपासणी नवीन होती. ऑफिसात व्यंकटरावांनी एक कागद समोर सरकवला. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात बीजघर कुणी उघडलं, त्याची यादी त्यांनी काढली होती. त्यात एकच नाव होतं, चांगुणाबाई. रात्री दोन वाजून सोळा मिनिटं, दोन एकोणीस, दोन चौदा. अशा सत्तेचाळीस ओळी.

"रातच्याला दोन वाजता म्हातारी माझ्या बीजघरात जायलाय," ते म्हणाले. "मी तिला इतकंच म्हणलं, उद्यापासून येऊ नको. पोलिसात दिलं न्हाई. कोणासाठी करायलाय ते आधी कळू द्या."

धम्मशीलानं ओळी वाचून काढल्या. तिलाही पहिल्यांदा म्हातारीचाच राग आला. मग तिला दिसलं की मधल्या काही तारखा गाळलेल्या आहेत. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. गाळलेले सगळे दिवस रविवार होते. चोरी करणारी बाई रविवारी सुट्टी घेते, आणि बाकीच्या दिवशी दहा मिनिटांचाही फरक न करता येते, हे काही तिला पटेना.

तेवढ्यात बाहेर ट्रक लागला. मापात काही होऊ नये म्हणून व्यंकटराव स्वतः उठून गेले. कॉम्प्युटर चालूच राहिला. तिनं रात्रीची अट काढली आणि चौथ्या दाराची पूर्ण यादी उघडली. माणिकराव सकाळी सहा पन्नासला आत गेलेले दिसले. सकाळी सात पाचला. पुन्हा सहा पंचावन्नला. माणिकराव कारखान्यात साडेदहाच्या आत कधीच येत नाहीत आणि बीजघरात दुपारनंतर जातात, हे तिनं काम करताना रोज पाहिलं होतं. तिनं बोटांवर मोजलं. सहा पन्नास आणि साडेपाच तास, म्हणजे बारा वीस. दोन सोळा आणि साडेपाच तास, म्हणजे सकाळचे पावणेआठ. फरशी पुसायची वेळ.

पेटीला आपली वेळ सांगितलेलीच नव्हती. ती बनवणाऱ्या कंपनीनं घालून दिलेल्या परदेशी वेळेवरच चालत होती, साडेपाच तास मागं. तीन दारांना तिनं वेळ घातली होती. चौथ्याला राहून गेली होती.

दोन ठिकाणी बोट दाबलं असतं तर वेळ सरळ झाली असती. कार्ड बंद करून, सही घेऊन ती साडेतीनच्या गाडीनं परभणीला गेली असती आणि कुणाला कधीच कळलं नसतं. वर, तुम्हीच मला बाहेर काढलंत, हेही म्हणता आलं असतं आणि ते खोटं नव्हतं. पण बाहेर काढलं तरी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगणं तिच्या हातात होतं. तिनं ते केलं नव्हतं. उलट विचारल्यावर मशीन खोटं बोलत नाही म्हणून सांगितलं होतं.

व्यंकटराव परत आले तेव्हा ती उभी होती. चूक माझी आहे म्हणाली आणि सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. खुर्चीत बसले.

"चांगुणाचं आणि तुमचं काही नातं हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग चार दिसांनी कामून आठवलं?"

तिनं वाद घातला नाही. माणिकरावांना बोलवा म्हणाली, आणि भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं. सव्वा वाजला होता. माणिकराव जाऊन बीजघर उघडून आले. यादीत नवी ओळ पडली, सकाळी सात पंचेचाळीस. माणिकरावांना सहा पन्नासची ओळ दाखवली तेव्हा ते घाबरे झाले आणि म्हणाले, त्या टायमाला मी उठलेला बी नसतो. व्यंकटरावांनी ती ओळ दोनदा वाचली. मग धम्मशीलाला वेळ दुरुस्त करायला सांगितलं, आणि ती करत होती तेव्हा मागं उभे राहून तिचं बोट कुठं कुठं जातं ते बघत राहिले.

"चांगुणाबाईला कळवाल ना?" तिनं निघताना विचारलं.

"माणिकरावाला धाडतो."

माणिकराव काय सांगतील याची तिला शाश्वती वाटेना. परभणीच्या गाडीऐवजी ती उलट दिशेच्या ऑटोत बसली आणि बोरीत उतरली. घर विचारत गेली. चांगुणाबाईचं घर म्हटल्यावर गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघून गप्प झाल्या. बातमी गावात पोचलेली होती.

चांगुणाबाई ओसरीत सुपात तूर पाखडत बसली होती. धम्मशीलानं कार्ड बसवणारी म्हणून ओळख दिली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. म्हातारीचा हात थांबला.

"मला कोणी इचारलंच न्हाई गं," ती म्हणाली. "इचारलं असतं तर म्या सांगितलं असतं, पावणेआठला येते म्हणून. समद्यांनी मशीनलाच इचारलं."

"मलाही विचारलं होतं मावशी. मीच सांगितलं, मशीन खोटं बोलत नाही म्हणून."

चांगुणाबाईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बस म्हणाली नाही. आतून सुनेची चाहूल येत होती, पण पाणीही आलं नाही. धम्मशीला वळली. गल्लीच्या तोंडाशी पाच-सहा बायका अजून तशाच उभ्या होत्या. ती त्यांच्यापुढे जाऊन थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"या मावशी रात्री कुठं गेल्या नव्हत्या. दाराची वेळ चुकली होती आणि ती चुकवणारी मी आहे. माझं नाव धम्मशीला खिल्लारे, परभणीत राहते. कुणाला खात्री करायची असली तर विचारा."

एक जण हळूच दुसरीला म्हणाली, मालकानंच धाडलं असंल हिला, प्रकरण मिटवाया. ते तिला ऐकू आलं. ती तशीच पुढं निघाली.

दोन दिवसांनी माणिकराव खरंच बोलवायला आले. ज्यानं जा म्हणलं त्यानं दारात येऊन ये म्हणावं, एवढंच चांगुणाबाई म्हणाली. व्यंकटराव आले नाहीत आणि तीही गेली नाही. आता ती गावातल्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवते. व्यंकटरावांनी नांदेडहून दुसरा माणूस आणून चारही दारं तपासून घेतली. त्याला वायरिंगमध्ये काही सापडलं नाही, म्हणून त्यांनी त्यालाही पुन्हा बोलावलं नाही. जिंतूरच्या दुकानातल्या पाकिटाचं काय झालं, ते कुणालाच कळलं नाही. माणिकराव मात्र हल्ली दर वेळी बीजघरात जाताना बरोबर कुणाला तरी नेतात.

त्या दिवशी बोरीत धम्मशीला गल्ली ओलांडून थोडी पुढं गेली होती, तेव्हा मागून हाक आली. चांगुणाबाई पदर सावरत येत होती. तिथून बसस्टँडला जायला बोळीतून जवळची वाट होती, तरी ती तिकडं वळली नाही. म्हातारीनं तिचं मनगट धरलं आणि तिला परत त्याच गल्लीतून, त्याच बायकांच्या समोरून, सावकाश चालवत बसस्टँडपर्यंत आणून सोडलं.