एकाच आठवड्यातल्या दोन नोंदी

माझं लग्न झालं तेव्हा हे विधुर होते. पहिली बायको लग्नानंतर दोन वर्षांतच दिल्लीत आजारपणात गेली, एवढंच मला सांगितलं होतं. मी पुण्याहून सरकारी क्वार्टरमध्ये आले, तेव्हा तिनं शिवलेले पडदे खिडक्यांना होते. ते मी पहिल्याच महिन्यात काढले. सासूबाई मात्र बोलता बोलता तिच्या हातच्या पुरणपोळीवर यायच्या, आणि मी मान खाली घालून पोळ्या लाटत राहायची.

एका गोष्टीवर मी स्वतःची समजूत घालत असे. ती माझ्या आधी आली खरी, पण यांना बाप मी केलं. आमची मुलगी झाली तेव्हा नर्सच्या हातून यांनी तिला किती सराईतपणे घेतलं, याचं मी माहेरी कौतुकानं वर्णन केलं होतं.

पुढे दिल्लीतच द्वारकेत सोसायटीचा फ्लॅट झाला, मेट्रो आली, मुलगी कॉलेजात गेली आणि तिच्यासाठी घरात कॉम्प्युटर आला. यांची रिटायरमेंट जवळ आली होती. एका संध्याकाळी चहा घेताना यांनी सांगितलं की सर्व्हिस बुकात फॅमिली पेन्शनसाठी अजून तिचंच नाव आहे. बदलायचं राहून गेलं. आता त्यासाठी तिच्या मृत्यूचा दाखला हवा होता, आणि जुना दाखला क्वार्टर सोडताना गहाळ झाला होता.

वीस वर्षं या माणसाचा डबा मी भरला आणि सरकारच्या लेखी त्याची बायको ती होती. दाखला मीच मिळवते म्हणाले. तिचं नाव खोडलं जाण्याची मला घाई झाली होती.

मुलीनं सांगितलं की आता ऑफिसात जायची जरूरत नाही, महापालिकेच्या साइटवर जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदीही मिळतात. पान उघडून देऊन ती कॉलेजला गेली. दुपारी मी एकटी बसले. पहिलीच्या नावानं काही सापडेना. आमचं आडनाव दिल्लीत कुणी धड लिहीत नाही, म्हणून मी तीन-चार स्पेलिंगं करून पाहिली. शेवटी तिचं नाव सोडून यांचं नाव आणि वर्ष घातलं.

मृत्यूच्या दोन ओळी आल्या, दोन्हींत हॉस्पिटल एकच. एक तिची, वय सव्वीस. दुसरी तिच्या चार दिवस आधीची: नावाचा रकाना रिकामा, स्त्री, वय दोन दिवस, वडिलांच्या जागी यांचं नाव.

मला वाटलं काहीतरी चूक असेल. म्हणून जन्माच्या नोंदीत शोधलं. तिथंही ती मुलगी होती. त्याच हॉस्पिटलात, आई ती, वडील हे.

रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला आला तो राग, आणि रागाच्या खाली मत्सर. माझ्याकडे म्हणून जी एकच गोष्ट होती, तीही तिनं आधीच नेली होती. दोन दिवसांच्या पोरीचा मत्सर करणारी बाई मी आहे, हे मला त्या दुपारी कळलं, आणि कळूनही तो कमी झाला नाही.

तिचा दाखला छापून मी यांच्या फाइलीत ठेवला. दुसऱ्या ओळीबद्दल चार दिवस गप्प राहिले. पाचव्या दिवशी, रविवारी, हे दाढी करत असताना सरळ विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

यांनी आरशात बघतच गालावरचा फेस पुसला. मग म्हणाले, "तुला दिवस गेले होते तेव्हा सांगायचं होतं. पण तू घाबरली असतीस. नंतर मग कसं सांगायचं तेच कळेना."

त्या मुलीचं नाव ठेवलं होतं का, असं मी विचारलं. हो म्हणाले. कोणतं, म्हटलं तर तोंड धुवायला वळले. "ते आम्ही दोघांनी ठरवलं होतं," एवढंच बोलले. त्या 'आम्ही'त मी नव्हते.

महिन्याभरात सर्व्हिस बुकात माझं नाव चढलं. यांनी घरी येऊन तसं सांगितलं, मी बरं म्हटलं.

मुलीपासून मात्र लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं. तिला सांगितलं तेव्हा ती माझ्यासारखी खट्टू झाली नाही. "अच्छा, म्हणजे मला ताई होती," म्हणाली, आणि उठून बाल्कनीत बाबांपाशी जाऊन बसली. मी स्वयंपाकघरात होते. बराच वेळ दोघांचं हळू आवाजात बोलणं चाललं होतं. मधेच हे काहीतरी एकच शब्द बोलले आणि मुलीनं तो पुन्हा म्हणून पाहिला, नीट उच्चारून.

कुकरच्या शिटीत मला तो ऐकू आला नाही. मुलीला विचारलं तर ती सांगेल. अजून मी विचारलेलं नाही.