वाढत्या अंगाची इमारत

आमच्या भावजींइतका जमिनीला धरून असलेला माणूस सबंध म्हैसुरात शोधून सापडायचा नाही. भावजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. देवराज मोहल्ल्यात शिंप्याच्या घरी जन्मले, तिथेच वाढले, शिकून आर्किटेक्ट झाले आणि तीस वर्षं लोकांना घरं काढून दिली. पण घरातला बल्ब बदलायला स्टुलावर चढायची वेळ आली की अक्काला हाक मारायचे. त्यांनी काढलेल्या घरांना फार तर एक माडी असे, आणि त्या माडीचा स्लॅब ते रस्त्यावर उभे राहून तपासत. वर गवंडी, खाली हे. पाणी कुठे साचतंय का म्हणून खालून ओरडायचे, वरून "इल्ला सार, नाही" असं आलं की वहीत बरोबरची खूण. त्यांची घरं गळली नाहीत याचं अर्धं श्रेय मी त्या गवंड्याच्या प्रामाणिकपणाला देतो. चामुंडीच्या डोंगरावर मात्र ते दर वर्षी पायऱ्यांनी जायचे. अक्का पायरीपायरीला हळदकुंकू लावत पुढे, हे तबक धरून मागे, नजर पायरीवर. वर पोचलं की सगळे वळून खालचं शहर बघतात. भावजींनी ते आजतागायत पाहिलेलं नाही.

असा माणूस वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी उंच इमारतींची रचना आणि दाट वस्तीतलं राहणं या विषयात पदव्युत्तर पदवी घ्यायला कॉलेजात जाऊन बसला, तेव्हा अक्काने मला तातडीने बोलावून घेतलं. "अय्यो, सुम्मने गप घरी बसायचं सोडून हे काय काढलं यांनी, तूच विचार!" मी विचारलं. भावजी म्हणाले, "अरे, भीतीची गोष्ट नीट शिकून घेतली की भीती जाते म्हणून ऐकलंय. बघू या."

भीती कशाची, हे मला ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक मुलगी सुमा लग्न होऊन बंगळूरला बाविसाव्या मजल्यावर राहायला गेली होती. भावजी एकदाच तिकडे गेले. लिफ्टमधून डोळे मिटून वर पोचले आणि दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसले. सुमाने हौसेने बाल्कनीत त्यांच्यासाठी वेताची खुर्ची आणून ठेवली होती. तिला हातही न लावता तिसऱ्या दिवशी सकाळीच परतले. निघताना पोरगी एवढंच म्हणाली, "अप्पा, तुम्ही आता यायचे नाही, अल्ला? हो ना?" भावजी म्हैसूरला आले आणि प्रवेशाचा अर्ज आणला.

वर्गातल्या तेविशीतल्या मुलांनी त्यांना पहिल्या दिवशी सर समजून उठून नमस्कार केला, दुसऱ्या दिवसापासून अंकल म्हणू लागली आणि महिनाभरात कुणाच्या आईला कळवायचं नाही अशी प्रकरणं त्यांच्या कानावर घालू लागली. वारा, भूकंप, आगीचे जिने, सगळं भावजींनी पाठ केलं. तोटा एवढाच झाला की लिफ्टच्या पायाखाली किती खोल मोकळी जागा असते हे त्यांना आता अचूक कळलं, त्यामुळे पूर्वी डोळे मिटून का होईना चढणारा माणूस दुमजली कापडदुकानातल्या लिफ्टलाही नकार देऊ लागला.

दाट वस्तीचा अभ्यास ते घरापुढच्या कट्ट्यावर बसून करत. गळ्यात वडिलांची शिंपीकामाची टेप. पोलादी टेप त्यांना कधी आवडलीच नाही. या टेपने त्यांनी गल्लीतली न मोजण्यासारखी प्रत्येक गोष्ट मोजली. शेजारणीची हाक किती हातांपर्यंत जाते, भांडण झालेल्या जावा एकमेकींपासून किती अंतरावर भाजी निवडायला बसतात, वगैरे. म्हैसुरातल्याच गोकुलम भागात योग शिकायला आलेली एक परदेशी बाई आपल्या देशात पस्तिसाव्या मजल्यावर राहते असं कळल्यावर भावजींनी तिला रस्त्यात गाठून विचारलं, "घरातला कढीपत्ता संपला तर तुम्ही कुणाच्या दारी जाता?" कढीपत्ता राहू दे, शेजाऱ्याचं नावच तिला माहीत नव्हतं. भावजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी अक्काने परसातल्या कढीपत्त्याची जुडी बांधून दिली, ती ते त्या बाईला देऊन आले. तिने त्या जुडीचं काय केलं असेल देव जाणे.

मग शेवटच्या परीक्षेची चाळीस मजली इमारत आली. चार महिने खपून त्यांनी सुरेख नकाशे केले आणि अगदी शेवटी हाताने, त्यांना न विचारता, घराण्याची सवय पुरी केली. शिंपी पोराची चड्डी बेतताना वाढत्या अंगाची बेततो, आत दुमड ठेवतो. भावजींनीही प्रत्येक घराला दोन हात जास्तीचे घातले. उद्या सून येईल, पाळणा येईल. आजवर त्यांच्या घरांभोवती अंगण असायचं, त्यामुळे ही गोष्ट खपून गेली होती. इथे एका मजल्यावर आठ घरं. परीक्षकांनी मापं ताडून पाहिली तर इमारत एका बाजूने रस्त्यावर आणि दुसऱ्या बाजूने शेजारच्या तळ्यात उतरलेली. "इमारत वाढते का हो कधी?" त्यांनी विचारलं. भावजी म्हणाले, "इमारत नाही सार, माणसं वाढतात की." परीक्षक हसले आणि सगळं पुन्हा करून आणा म्हणाले.

नेमकं त्याच आठवड्यात सुमाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला प्रवास मना केला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तो बेत बारगळला. अक्का लगोलग बंगळूरला गेली. आठव्या दिवशी फोन आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, पाचव्या दिवशी घरी येतील. भावजींनी माझ्याकडे पाहिलं. "तू येतोस?" म्हणाले. एवढंच.

इमारतीच्या दाराशी पोचलो. लिफ्ट उघडली, भावजींनी आत वाकून पाहिलं आणि पिशव्या माझ्या हातात दिल्या. "तू हो पुढे. मी चामुंडी चढतो." मी वर जाऊन बसलो. अर्धा तास झाला, तास झाला. अक्का दारात उभी. सुमा बाळाला घेऊन सारखी विचारत होती, "अप्पा परत तर गेले नाहीत ना, मामा?" मला छातीठोकपणे नाही म्हणता येईना. शेवटी मी जिन्याने उतरू लागलो, तर सतराव्या मजल्यावर एका घराच्या दारात भावजी कुणाच्या तरी स्टुलावर बसून ताक पीत होते आणि घरातली म्हातारी त्यांना आपल्या सुनेबद्दल सांगत होती. घामाने शर्ट भिजलेला, गळ्यात टेप. "अरे, सतरा मजल्यांत टेकायला एक कट्टा नाही रे!" ते म्हणाले. "दर मजल्याला कुणाचं तरी दार ठोठावायला लागलं." दोन तास चाळीस मिनिटांनी ते बाविसाव्या मजल्यावर पोचले. बापाला दारात बघून सुमा रडू लागली, भावजीही रडले, आणि त्या गडबडीत बाळ उठलं. बाळाला मांडीवर घेऊन ते भिंतीकडेच तोंड करून बसले, पण आता परत जायचं नाव काढीनात. सुमा तीन वर्षं तिथे राहत होती. खालच्या मजल्यांवर कोण कोण राहतं हे तिला बापाकडून कळलं.

परत येऊन त्यांनी नकाशे नव्याने काढले. घरांना जास्तीचे घातलेले ते दोन-दोन हात काढून घेतले, आणि आतल्या खोल्या थोड्या आवळून दर मजल्यावर जिन्याजवळ आठ घरांत मिळून एक रुंद कट्टा घातला. इमारत आपल्या जागेत मावली. भावजी पास झाले. वर्गातल्या पोरांनी त्यांना उचलून घ्यायचा घाट घातला, तो त्यांनी हात जोडून टाळला.

हल्ली ते महिन्यातले पंधरा दिवस बंगळूरला असतात. कुठल्या मजल्यावर आहात म्हणून फोनवर विचारावं लागतं. त्या दिवसांत मोहल्ल्यातला कट्टा रिकामा असतो आणि मला उगाचच त्या गल्लीतून जावंसं वाटत नाही. मागच्या खेपेला इथे होते तेव्हा वडिलांच्या जुन्या मशीनवर नातीचा फ्रॉक शिवत बसले होते. आतल्या बाजूला एकावर एक चार घड्या घातलेल्या. एवढ्या कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "दर वर्षी एक उसवायची. ते काम सुमाला येत नाही, मलाच चढून जायला पाहिजे, अल्ला?" असं म्हणून गुडघा चोळला. मी घड्यांकडे बघत राहिलो. चार म्हणजे चारच वर्षं.

"भावजी," मी म्हटलं, "कापड शिल्लक दिसतंय. आणखी दोन-तीन घाला की."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, हसले, आणि शिवण उसवून पुन्हा मापायला बसले.