सहाशे छप्पन्नचे कार्ड

पोती शिवण्याचा जाड पांढरा दोरा जेथे तयार होतो, अशा एका कारखान्यात दोन सख्ख्या जावा कामाला होत्या. घरात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. कारखान्यातही तेच चालत असे.

थोरलीने रिळे भरण्याच्या जुन्या मशीनवर एकतीस वर्षे काढली होती. मिनिटाला किती वार दोरा रिळावर चढतो, ते दाखवणारी एक तबकडी त्या मशीनला होती. परंतु तिचा काटा कैक वर्षांपूर्वी मोडून पडला आणि तो पुन्हा बसवावा असे कोणालाच वाटले नाही. काट्याचे काम थोरलीच करीत असे. दोऱ्यावर दर एकशे वीस वारांना निळ्या शाईचा ठिपका असे. एक ठिपका डोळ्यांपुढून लवकन गेला की थोरली भिंतीवरच्या घड्याळाच्या दर सेकंदाच्या टिकटिकीबरोबर मनात मोजू लागे. बाराव्या अंकाला पुढचा ठिपका आला, म्हणजे वेग सहाशे वार. अकराव्याला आला तर मशीन घाईत आहे, तेराव्याला आला तर आळसात. तिला अक्षर वाचता येत नव्हते, आकडे मात्र ओळखता येत होते. एकतीस वर्षांत तिच्या बाराची चूक कोणी काढली नव्हती.

धाकटीला या कारखान्यात आणले थोरलीनेच. दोरा तुटला की चालत्या मशीनवर गाठ कशी मारायची, बोट कोठे ठेवायचे आणि कोठे चुकूनही ठेवायचे नाही, हे सारे तिनेच हाताला धरून शिकवले. पुढे धाकटी संध्याकाळच्या प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागली. तिने थोरलीलाही बोलावले होते. तेव्हा थोरली म्हणाली होती, "आता या वयात पाटी घेऊन बसू? लोक हसतील मला." लोक हसले नाहीत. धाकटी दोन वर्षांत वाचू लागली, भागाकार करू लागली, दिराच्या औषधाच्या बाटलीवरचे कागद वाचून दाखवू लागली. दीर म्हणजे थोरलीचा नवरा. तो कौतुकाने म्हणे, "आपल्या घरात एक तरी डोकं निघालं बुवा!" हे वाक्य थोरलीच्या काळजात कुसळासारखे रुतले आणि तेथेच राहिले.

मग नवे मशीन आले.

त्याचा वेग हिरव्या आकड्यांत दिसे आणि तो मीटरमध्ये असे. सुपरवायझर दर पाच मिनिटांनी मनगटाकडे पाहत, म्हणून त्यांना सगळ्या बायका पाठीमागे घड्याळसाहेब म्हणत. त्यांनी सोमवारी दोघींना बोलावून सांगितले, "आठवडाभर धाकट्या बाई चालवतील, कारण पुस्तक त्यांना वाचता येतं. जुन्यावर जो वेग आहे तोच इथं मीटरमध्ये लावायचा. रिळं नीट निघाली तर शनिवारी मशीन कायमचं त्यांचं. नाही निघाली तर थोरल्या बाईंचं. आमचं कोणाशी वाकडं नाही."

थोरली मान हलवून आपल्या जागी परत गेली. परंतु तिचे अर्धे लक्ष पलीकडे खिडकीजवळ मांडलेल्या नव्या मशीनवरच होते. नव्या मशीनपुढे बसायला पाठीची खुर्ची होती. थोरली एकतीस वर्षे बिनपाठीच्या स्टुलावर बसली होती. धाकटीने पुस्तकात पाहून वहीत गणित मांडले, एका पांढऱ्या कार्डावर ठळक आकड्यांत "६५६" असे लिहिले आणि ते मशीनला चिकटवले. येणारी जाणारी प्रत्येक बाई त्या कार्डापाशी थांबे. "काय गं, स्वतः काढलंस?" "हो, वारांचे मीटर केले." "बाई बाई!" थोरलीला वाटले, आपण बारा मोजतो तेव्हा कधी कोणी "बाई बाई" म्हणाले नाही.

दुपारपासून दोरा तुटू लागला. तीनपेक्षा अधिक गाठी असलेले रीळ बाद, असा तेथील नियम होता. मंगळवारी बाद रिळांची एक टोपली भरली, बुधवारी दीड. धाकटीच्या बोटांना दोऱ्याने चरे पडले. थोरलीला वाईट वाटायला हवे होते. तिने स्वतःला तसे बजावलेही. तरीही दोरा "टक्" करून तुटला की तिच्या आत कोणीतरी टिचकी वाजवून हसे आणि दुपारी जेवताना घास गोड लागे.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत धाकटी डबा न उघडताच म्हणाली, "ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"तुम्ही सकाळी लवकर येता. गोदामातले चांगले गठ्ठे आधी उचलता का? म्हणजे उरलेला कच्चा दोरा माझ्या वाट्याला..."

थोरलीने हातातला घास डब्यात परत टाकला. "मी? एकतीस वर्षं झाली मला इथं! गठ्ठे चोरायचे असते तर तुला कामाला कशाला लावलं असतं?"

"तसं नाही हो म्हणत मी."

"कळलं कसं म्हणतेस ते."

दोरा खरेच कच्चा आहे का, ते आता तिला स्वतः पाहायचे होते. सुट्टी संपताच ती झाडू घेऊन नव्या मशीनजवळ गेली आणि उगाचच स्वच्छ फरशी झाडू लागली. निळा ठिपका गेला. तिने मोजायला सुरुवात केली. सात, आठ, नऊ, दहा, आणि दुसरा ठिपका गेला. तिने पुन्हा मोजले. पुन्हा दहाच. दोरा कच्चा नव्हता. मशीन उधळले होते. एवढ्या ओढीने कोणताही दोरा तुटलाच असता.

झाडू जागेवर ठेवून ती आपल्या स्टुलावर बसली. आता हे गुपित जगात तिच्या एकटीजवळ होते. दोन दिवस तोंड मिटून राहिले, की पाठीची खुर्ची, हिरवे आकडे आणि खिडकी तिची होणार होती. खोटे बोलायचे नव्हते, काही बिघडवायचे नव्हते. नुसते गप्प बसायचे होते. शुक्रवारी दिवसभर ती इतकी गप्प बसली की शेजारच्या मशीनवालीने विचारले, "काकू, दाढ दुखतेय का?"

शुक्रवारी संध्याकाळी दोघी घरच्या स्वयंपाकघरात होत्या. थोरली पिशवीतले तांदूळ वाटीने मोजून डब्यात ओतत होती. धाकटी टेबलावर वही उघडून तेच गणित पाचव्यांदा करीत होती. नळ ठिबकत होता.

"भागाकार बरोबर आहे," धाकटी स्वतःशीच पुटपुटली. "एका वाराचे मीटर पॉइंट नऊ एक चार चार. त्यानं सहाशेला भागलं. दरवेळी सहाशे छप्पन्नच येतात."

दारातून दिराने डोकावले. "बरोबरच असणार. तू काय चुकणार आहेस? मशीनच खराब असेल." आणि जाता जाता तो बायकोला म्हणाला, "तू जरा लक्ष देऊन बघत जा, दोन आकडे शिकशील."

थोरलीने वाटी तांदळात जोराने खुपसली.

"भागायचंच का म्हणे?" तिने विचारले. तिचा स्वर चौकशीचा नव्हता.

"अहो ताई, मीटर वारापेक्षा मोठा असतो. चार बोटं तरी जास्त. मग मीटरचा आकडाही मोठाच यायला हवा ना? गुणलं तर लहान येतो. म्हणून भागलं."

थोरलीने हातातल्या वाटीकडे पाहिले, मग मांडणीवरच्या मोठ्या वाटीकडे. तिच्या तोंडून हसू फुटले. ते चांगले हसू नव्हते. वर्षानुवर्षांचे साचलेले होते.

"अगं शहाणे! हे तांदूळ या लहान वाटीनं सात वाट्या भरले. त्या मोठ्या वाटीनं मोजले तर किती भरतील? आठ?"

"नाही, पाचेक..."

"का बरं? वाटी तर मोठी आहे. आकडाही मोठा यायला हवा ना, तुझ्या वर्गाच्या हिशेबानं?"

धाकटीने मोठी वाटी उतरवून लहान वाटीशेजारी ठेवून पाहिली. मग तिने पेन्सिल उचलून घाईघाईने गुणाकार मांडला. "पाचशे एकोणपन्नास," ती हळूच म्हणाली. "अगंबाई! ताई, मी उलटं केलं. सगळा आठवडा मी उलटं केलं!" आणि उठून तिने थोरलीला मिठीच मारली.

त्या मिठीत थोरली लाकडासारखी उभी राहिली. आपण काय करून बसलो, ते तिच्या आत्ता ध्यानात आले. तिला धाकटीला बोचकारायचे होते, नवऱ्याच्या कानावर जाईल असे तिचे नाक खाली करायचे होते. आणि त्या एका हौसेपायी तिने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. शनिवार अवघा एका रात्रीवर होता.

शनिवारी सकाळी धाकटीने जुने कार्ड फाडून काढले आणि "५४९" लिहिलेले नवे चिकटवले. मशीन सुरू झाले. थोरलीने लांबूनच मोजले. बरोबर बाराव्या अंकाला ठिपका गेला. दुपारपर्यंत दोरा एकदाच तुटला. टोपली रिकामी राहिली.

घड्याळसाहेब आले, मनगटाकडे पाहून त्यांनी रिळे तपासली आणि म्हणाले, "वा! शेवटी जमलं तुम्हाला. डोकं आहे तुम्हाला."

"माझं नाही, साहेब," धाकटी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझं गणित उलटं होतं. थोरल्या जाऊबाईंनी तांदळाच्या वाटीवरून चूक दाखवली. आणि त्यांना वाईटसाईट बोलले होते मी, त्याची माफी मागते."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. काही थोरलीसाठी होत्या. पण बहुतेकींची तोंडे धाकटीकडे वळलेली होती. "किती मोठं मन बाई हिचं!" असे कोणीतरी म्हणाले. थोरलीने ते ऐकले. बरोबर उत्तर आपण दिले, आणि खरे बोलण्याचा मानही हीच घेऊन गेली! आता रागवायलासुद्धा जागा उरली नव्हती, याचाच तिला सर्वांत जास्त राग आला.

मशीन धाकटीला मिळाले. साहेबांनी एवढेच केले की रोज सकाळी दोन्ही मशीनचा वेग थोरल्या बाईंनी मोजून पाहावा आणि त्यांनी "बारा" म्हटल्याखेरीज रीळ लावू नये, असा हुकूम काढला. थोरलीने तो मानाने स्वीकारला. परंतु त्यामुळे तिला रोज सकाळी त्या पाठीच्या खुर्चीशेजारी उभे राहावे लागे.

फाडून टाकलेले जुने कार्ड त्या शनिवारी कचऱ्याच्या डब्यात पडले होते. सगळ्या गेल्यावर थोरलीने ते उचलले, दोन्ही तुकडे जुळवले आणि आपल्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवले. अजूनही ते तेथे आहे. घरी नवऱ्याने धाकटीचे कौतुक केले, की दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवताना थोरली झाकण उघडून सहा, पाच, सहा हे आकडे एकेक करून वाचते. मग तिला भूक लागते.