लोणच्याच्या डब्यातलं पत्र

माझं अख्खं आयुष्य जागा नेमकी सांगण्यात गेलं. केंद्र सरकारच्या नकाशांच्या खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली, आमच्या हिंदी मुलखातली पाटनपासून शहपुऱ्यापर्यंतची शेतं, नाले, टेकड्या खांद्यावर मोजणीची तिपाई घेऊन पायी तुडवल्या. टपरीवर कोणी पत्ता विचारला तरी मी त्याला दिशा आणि अंतर सांगायचो, आणि त्याला ते कळलं नाही की मनातल्या मनात त्याची कीव करायचो. पुढे जे झालं ते दुसऱ्या कोणाचं झालं असतं, तर मी पोट धरून हसलो असतो.

मी निवृत्त झालो त्या हिवाळ्यात मुलगा परदेशातून तीन आठवड्यांसाठी घरी आला. येताना त्याने माझ्यासाठी मुठीत मावेल असं एक पिवळं यंत्र आणलं. तेव्हा फोनमध्ये नकाशे नव्हते. हे यंत्र उपग्रहांकडून आपली जागा ओळखायचं आणि सांगितलेल्या ठिकाणाकडे बाण दाखवायचं. तिकडे म्हणे माणसं सुट्टीच्या दिवशी हेच करतात. कोणीतरी रानात एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो, आणि बाकीचे यंत्र घेऊन तो शोधत फिरतात. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं, डबा होता तिथे ठेवायचा. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. मी म्हणालो, "रिकामटेकड्यांचे धंदे." पण यंत्र खाली ठेवलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तो सकाळीच गावाजवळच्या मदनमहालच्या टेकड्यांकडे गेला आणि दुपारी हातापायाला ओरखडे घेऊन परत आला. माझ्यासमोर एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर दोन ओळी आकडे होते.

"बाबा, एक डिब्बा छुपाया है. उसमें आपके लिए चिट्ठी है," तो म्हणाला. मग जरा थांबून, दुसरीकडे बघत, "मराठी में लिखी है."

यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "डबा कुठला घेतलास?" आतून त्याची आई ओरडली, "माह्या लोणच्याचा नेला त्यानं!"

तो मराठीत लिहितो म्हणजे काय, हे सांगायला हवं. आमच्या चेरीतालच्या घरात मराठी बोलली जायची ती बायकोची, म्हणजे वऱ्हाडाकडची. माझीही लहानपणी तीच होती. पण खात्यात माझे पहिले साहेब पुण्याचे. त्यांनी माझ्या बोलण्याची इतकी टिंगल केली, की मी दोन वर्षांत ती घासूनपुसून साफ केली आणि मग घरच्यांच्या मागे लागलो. मुलगा दहा वर्षांचा असताना गणपतीत मंडळाच्या स्टेजवर चार वाक्यं बोलायला उभा राहिला. "मी बाबांसंगं बाजारात जाऊन राहिलो होतो," असं काहीतरी म्हणाला. मी पहिल्या रांगेतून मोठ्याने विचारलं, "राहिलास? बाजारात घर बांधलंस की काय?" सगळा मांडव हसला. मीही हसलो, मला फार छान विनोद केल्यासारखं वाटलं. त्यानंतर तो माझ्याशी मराठीत एक शब्द बोलला नाही. मी मराठीत विचारायचो, तो हिंदीत उत्तर द्यायचा. वीस वर्षं हे असंच चाललं, आणि मी सगळ्यांना सांगत राहिलो की आजकालच्या पोरांना आपल्या भाषेची लाज वाटते.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी यंत्र हातात घेतलं. त्याने ते त्याच्या पद्धतीने लावून दिलं होतं, म्हणजे अंशांनंतर मिनिटं आणि मिनिटांनंतर दशांश. मला ते बघवेना. जन्मभर अंश, मिनिटं, सेकंद असं लिहिलेला माणूस मी. सेटिंग शोधलं आणि आमच्या खात्यासारखं करून टाकलं. मग चिठ्ठीवरचे आकडे भरले. ०८.४५० असं लिहिलं होतं, मी आठ मिनिटं पंचेचाळीस सेकंद भरलं. खालच्या ओळीतलं ५४.३०० म्हणजे चोपन्न मिनिटं तीस सेकंद. नुसतेच ठिपके, मिनिट-सेकंदाची खूण नाही, आणि म्हणे इंजिनिअर! इतका शिकला पण वळण नाही, असं मी बायकोला ऐकवलंसुद्धा.

बाणाने मला टेकडीच्या अलीकडच्या उतारावर नेलं. काळे दगड, घाणेरीची झुडपं, एक पडकी भिंत. मी तिथला एकेक दगड उलटा केला. दुसऱ्या दिवशी परत गेलो. त्या महिन्यात नऊ वेळा गेलो. गुडघे सुजले, एकदा विंचू निघाला. डबा नव्हता.

त्याचा फोन आला. "बाबा, डिब्बा मिला?"

"तुझे आकडे चुकलेत."

"नहीं बाबा, मैंने तीन बार चेक किए. आपने मशीन में ठीक से..."

"मला शिकवतोस? तुझ्या जन्माआधीपासून मी हेच काम करतोय."

पुढच्या फोनला त्याने पुन्हा विचारलं. त्याच दिवशी सकाळी मी उन्हात तीन तास घालवून रिकाम्या हाताने परतलो होतो, रागाने माझं डोकं फिरलं होतं. मी म्हणालो, "तू तिथे काही ठेवलंच नव्हतंस. म्हाताऱ्याला उद्योग लावून दिलास."

"अच्छा बाबा," तो म्हणाला. "आई को दो." तेव्हापासून तो आईशीच बोलायचा.

"काहून असे अडून राहिले जी तुम्ही?" बायको म्हणायची. "चिठ्ठीत काय लिवलं ते त्यालेच विचारा ना एकदा." मी विचारलं नाही. तो आधी कबूल करू दे की आकडे चुकले, मग बघू, असं माझं म्हणणं होतं. पत्रात काय असेल हे मात्र रोज मनात यायचं. कधी वाटायचं, त्याने मला शिव्या घातल्या असतील. कधी वाटायचं, परत येतो म्हणाला असेल. तेवढ्यात तिकडे त्याने घर घेतलं. आम्हाला कळलं ते घेऊन झाल्यावर.

यंत्र कपाटात पडलं. अडीच वर्षांनी कपाट आवरताना सापडलं, तेव्हा आतले सेल फुटून पाणी झालं होतं. मी पट्ट्या घासल्या, नवे सेल घातले, चालू केलं. माझी सगळी सेटिंग्ज पुसली गेली होती. पडद्यावर आमच्याच घराची जागा आली, अंश, मिनिटं, आणि पुढे दशांशाचे तीन आकडे. चिठ्ठीवर होतं अगदी तसं.

गणित करायला मला कागद लागला नाही. मिनिटाचे चारशे पन्नास हजारांश म्हणजे सत्तावीस सेकंद. मी पंचेचाळीस भरले होते. खालच्या ओळीतही तसंच. दोन्ही मिळून साडेसहाशे मीटर लांब, टेकडीच्या चुकीच्या अंगाला, मी नऊ वेळा दगड उलटत बसलो होतो. नोकरीत एखाद्या नवशिक्याने ही चूक केली असती तर मी त्याला ऑफिसभर फिरवला असता.

चिठ्ठीवरचे आकडे पुन्हा भरले आणि त्याच दिवशी गेलो. बाण थांबला तिथून चार पावलांवर, एका कपारीत, चपट्या दगडाखाली डबा होता. शोधायला दोन मिनिटं लागली. झाकण उन्हाने तडकलं होतं, आत दोन पावसाळ्यांचं पाणी जाऊन सुकलं होतं. वहीत पेन्सिलीने दोन नोंदी होत्या, इंटरनेटवरचे आकडे बघून आलेल्या अनोळखी माणसांच्या. एकाने लिहिलं होतं, "लिफ़ाफ़े पर बाबा लिखा है. हमने नहीं खोला."

मी पाकीट उघडलं. तीन पानं होती, दोन्ही बाजूंनी भरलेली. शाई सगळीकडे फुटून पानं निळी झाली होती. वरच्या घडीतले दोन शब्द तेवढे वाचता आले, "तीर्थरूप बाबा". घरी येऊन बायकोला दाखवलं. तिने पानं मांडीवर पसरली. म्हणाली, "तीर्थरूप कसं लिवतात ते मले विचारलं होतं त्यानं. बाकीचं म्हणे मी लिहितो, बाबा हसले तं हसू दे."

संध्याकाळी मीच फोन लावला. अडीच वर्षांत पहिल्यांदा. सांगितलं, डबा मिळाला, पत्र भिजलं. काय लिहिलं होतंस?

"याद नहीं बाबा. पुरानी बात है." मग त्याने विचारलं, "मिला कहाँ?"

आता तरी सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, माझी चूक झाली, मी सेकंद धरले. तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "तुझ्या जागेवर नव्हता. कोणीतरी हलवला होता."

तो इंजिनिअर आहे. मी काय केलं असणार हे त्याला पहिल्याच फोनला कळलं असेल.

"हो बाबा," तो मराठीत म्हणाला. "नेऊन ठेवला असन कोणीतरी."

या वेळी मी त्याचं 'असन' सुधारलं नाही, आणि त्याने फोन ठेवला.