जित्याच्या नावाचा बांबू

आंबेनळीच्या पायथ्याच्या त्या वाडीत भात निसवून लोंबीवर आलं की महिपत शेतात चालू लागे. महिपत म्हणजे तिथं भात पिकवणाऱ्या गोमाजीचा बा. रानडुकरानं मांडी फाडली तेव्हापासून लंगडा, आणि पुढं त्याच दुखण्यानं गेलेला. तरी संध्याकाळी वहाळाच्या अंगानं आवाज येई. काठी टेकल्यासारखा ठक्, मागून पाय ओढल्यासारखा टक्, मग शांत. म्हातारा दम खातोय असंच वाटे.

आवाज बांबूंचा, हे वाडीला ठाऊक होतं. वहाळाचं पाणी पन्हळीतून दोन पोकळ बांबूंत पडे. बांबू भरला की कलंडून रिकामा होई, मागं येई आणि बूड दगडावर आपटे. सारख्या ठोक्याला डुकरं सरावतात. म्हणून गोमाजीनं एक लांब, एक आखूड बांबू तासून तासून त्यात बाची चाल आणली होती. डुकरं भ्यायची. त्याची बायको बनुबाईसुद्धा तिकडं पाठ करून बसत नसे.

कुलाब्याचा रायगड जिल्हा झाला त्या वर्षी, दाणा भरत असताना एक साहेब आले. कुठल्या तालुक्यात किती पेटंट, हे मोजायचं त्यांचं काम.

"पेटंट म्हंजे?" गोमाजीनं विचारलं.

"नवी वस्तू केली की ती तुमचीच, असं सरकार लिहून देतं. महाड, पोलादपूर, दोन्हीकडं शून्य. वरचे म्हणतात, इथं कुणाचं डोकंच चालत नाही."

"चालतं साहेब. चढ लय हाय, म्हनून हळू."

साहेब हसले. वहाळाकडून ठक् आलं तसे थांबले. "हे कुणी केलं?"

"बानं."

"बोलवा त्यांना."

"राखनीला हाय. यायचा नाय."

"मग मीच भेटतो."

"घाई कशाला? जाल तवा जाल."

बनुबाईनं ओटीवरून उलगडा केला. त्यांच्यात नवी वस्तू करणारा 'मी केली' म्हणत नाही. नारळ ठेवून घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, वस्तू त्याची.

"अर्जाला जिवंत माणूस लागतो, बाई. तुम्ही तुमच्या नावानं नवे करा, गोमाजी. जुने मी महाडला तपासायला नेतो."

"माजं नाव लागंल?"

"तालुक्यात पहिलं."

सातबाऱ्यावर अजून बाचंच नाव होतं. गोमाजी बांबू सोडवायला उठला.

"मामंजींना उतरवलं तर शेत उघडं पडंल," बनुबाई म्हणाली.

"दुसरे बशिवतो नं गो."

त्यानं नवे बांबू बसवले, नारळ ठेवला आणि स्वतःचं नाव घेतलं. बनुबाईनं तोंड फिरवलं.

संध्याकाळी दोघं ओटीवर बसली होती. शेतातून आवाज आला. लंगडणं नव्हतं त्यात. भरभर येणारी, मध्येच अडखळणारी पावलं. बाजारातून परतताना अंगण चढणारी, बनुबाई लग्नापासून ऐकत आलेली.

"अवो."

"हां?"

"तुमी हितंच हाव नं?"

"मंग कुटं?"

"तर तितं कोन चालतंय?"

गोमाजीनं कान दिला. त्याला काही ओळखू येईना. आपली चाल माणसाला कुठं ऐकू येते?

"पानी हाय गो ते."

"मामंजींचंबी पानीच व्हतं. पर ते गेल्यावर. उतरवा तेवढं."

"आन् भात?"

वर्षाचं खाणं त्या एका पट्टीत होतं. सकाळी बांधापर्यंत येऊन परत फिरलेले खुरांचे ठसे दिसले.

साहेब जुने बांबू परत घेऊन आले. महाडला नळाखाली ते एकसारखे वाजत राहिले. त्यात नवं काही नाही, असं तपासणाऱ्यांनी ठरवलं.

"मंग मोजनी?"

"शून्यच, गोमाजी."

गोमाजीनं बाला जागेवर बसवलं आणि नवे बांबू काढायला हात घातला. बनुबाईनं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या."

"तूच तर म्हनत व्हतीस, उतरवा."

"नाव घेऊन नारळ ठिवलाय. याचा ठोका थांबला तर?"

त्यानं हात मागं घेतला. तिनं मनगट सोडलं नाही. आतली नाडी चाचपत राहिली.

मग लंगडी चाल आणि भरभर चाल, दोन्ही जोडीनं बांधावरून फिरू लागल्या. ओटीवर बनुबाई त्याला गप्प बसू देत नसे. "बोला." "काय बोलू?" "कायबी."

भात कापून घरात आलं. थंडीत वहाळ बारीक झाला. पावलं थांबून थांबून पडू लागली. एकदा तर भरभर चालीचं पुढचं पाऊल येईचना.

बनुबाई उठली. तिनं घरातली भरलेली घागर कमरेवर घेतली.

"भरली घागर घिऊन कुटं चाललीस गो?"

"वहाळाला," ती म्हणाली, आणि धावत सुटली.